बाईंचं बेसिन

हळू बोलणारं माणूस बाईंना आवडत नसे. खरं तर त्यांनाच कमी ऐकू येत होतं, पण ते त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपले कान आहेत तसेच आहेत, लोकांचेच आवाज पातळ झालेत, आणि त्याला कारण डब्यातलं तूप. तेव्हा खामगावच्या दुकानांत वनस्पती तुपाचे डबे दिसू लागले होते. कुणी हळू बोललं की बाई डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "डब्यातलं खातं का रे तू?"

माझा आवाज लहानपणापासूनच घशाच्या खाली राहतो. माहेरी चार माणसांत मी कधी बोलले नाही. सासरी तर विचारायलाच नको. तरी नशिबानं मी त्यांच्याच घरात भाड्यानं राहायला गेले.

खोली बघायला गेलो तेव्हा मी मुलीचा हात धरून अंगणात उभी होते. बाई ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. त्यांनी सगळं आमच्या ह्यांना विचारलं. हे तेलाच्या गिरणीत कामाला होते, तेही सांगून झालं. मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे काऊन बोलत नाही? हिले आवाज नाही का?"

हे म्हणाले, "हाय बाई, पण ते कमी वापरते."

"मंग पुष्कळ शिल्लक असन," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. आमच्या गल्लीत बऱ्याच घरी पाणी अजून बाहेरून भरून आणत. बाईंच्या न्हाणीत मात्र पांढरंशुभ्र चिनी मातीचं बेसिन होतं आणि त्यावर पितळी तोटी. बाईंचे यजमान एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. आम्ही राहायला गेलो तेव्हा ते वारलेले होते. त्या जिनिंगमधल्या साहेबाचा बंगला रिकामा झाला तेव्हा तिथलं सामान लोकांनी विकत घेतलं. कुणी आरसा नेला, कुणी खुर्च्या नेल्या. बाईंनी नवऱ्याला कपाट आणायला सांगितलं होतं. ते बैलबंडीत कडब्यावर ठेवून हे बेसिन घेऊन आले. बाई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. यजमानांनी कुणाला न विचारता न्हाणीच्या छपरावर लोखंडी पिंप चढवलं, तिथून नळी खाली आणली, बेसिन भिंतीला बसवलं आणि बाईंना हात धुवायला बोलावलं.

बाई ही गोष्ट नेहमी सांगायच्या आणि दर वेळी तिथं थांबायच्या. मग म्हणायच्या, "विहिरीवर वाकलो, नदीवर वाकलो, हंड्यापाशी वाकलो. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा वाकल्याबिगर पाणी भेटलं."

म्हणून त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकानं आधी बेसिनवर हात धुवायचे, मगच बसायचं, असा नियम होता. पोस्टमन हात धुवायचा. कासारीण बांगड्यांची पेटी ओट्यावर ठेवून हात धुवायची, आणि मग बाईंच्या हातात बांगड्या भरायची. एकदा शेजारी पूजा सांगायला आलेले गुरुजी बाईंकडे ताम्हण मागायला आले, तर बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. ते म्हणाले, मी सोवळ्यात आहे. बाई म्हणाल्या, मग तर हात आणखीच साफ पाहिजेत. गुरुजींनी धुतले. पण बेसिनमध्ये चूळ टाकायची नाही, तोंड खळखळवायचं नाही. त्यासाठी अंगणात मोरी होती.

यजमानांचा लोखंडी पाना देवळीशेजारी खिळ्याला टांगलेला असे. दसऱ्याला बाई त्याला हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत. मग ओल्या बोटानं तोटीलाही एक टिकली लावत. त्या पान्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

हे बेसिन ज्या भिंतीला होतं तिच्या पलीकडे आमची खोली. आम्ही राहायला गेलो त्या पावसाळ्यानंतर भिंतीला ओल दिसायला लागली. आधी ताटाएवढी होती, मग सुपाएवढी झाली. दिवाळी झाली, थंडी आली, बाहेर सगळं कोरडं झालं, तरी ती ओल वाढतच गेली. भिंतीला लोणा लागला. हात फिरवला की पांढरी भुकटी पडायची. मुलीचं अंथरूण दुसरीकडे घालायला त्या खोलीत जागा नव्हती. तिला खोकला लागला तो जाईना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि ओलीत निजवू नका म्हणून सांगितलं.

ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, जवळच्या खेड्यात शेती करत. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी निरोप पाठवला की खोली सोडा, घरी या, तुम्ही सायकलनं गिरणीत ये-जा करा. आमच्याकडे थोरल्या भावाचा शब्द मोडत नाहीत. ह्यांनी कसंबसं एवढंच उत्तर पाठवलं, की गुढीपाडव्यापर्यंत भिंत वाळली तर राहतो, नाही तर येतो.

मला जायचं नव्हतं. भासरे वाईट नव्हते, जाऊबाईही वाईट नव्हत्या. पण त्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. माझ्या माहेरीही तसंच होतं. चौथीची परीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मी शेतात निंदायला गेले. तिथून पुढची शाळा दूर अमडापूरला होती. मुलीला तिथं कोण पाठवतं? आमची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत बसणार होती. खामगावात शाळा मॅट्रिकपर्यंत होत्या, आणि एक तर आमच्या गल्लीच्या टोकालाच होती. आम्ही गावी गेलो असतो तर तीही चौथीपाशीच थांबली असती. हे माझ्या मनात रात्रंदिवस होतं. ह्यांना एकदा सांगितलं तर ते म्हणाले, खरं आहे, पण पोरगी खोकून राहिली त्याचं काय करू. 

बाईंना ओल दाखवली तेव्हा त्यांनी आधी कौलांना दोष दिला, मग उंदरांना, मग माझ्या पाण्याच्या घागरीला. बेसिनवर त्यांचा संशय जाणं शक्यच नव्हतं. शेवटी एके दुपारी त्यांनी मला न्हाणीत नेलं, तोटी सोडली आणि दोघी बघत उभ्या राहिलो. तोटीचं बूड जिथं बेसिनवर टेकलं होतं तिथं गोल फट पडली होती. तोटीवरून ओघळलेलं पाणी त्या फटीपाशी गोळा व्हायचं आणि आत जिरायचं. बाई खाली वाकल्या, बेसिनच्या पोटाखाली हात फिरवला. हात ओला निघाला. तो हात त्यांनी बराच वेळ बघितला. कुणीतरी घरातल्याच माणसाची चुगली केल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुना भिजवला. त्यात गूळ घातला, उडदाचं पीठ घातलं आणि बेलफळ फोडून त्याचा चिकट गर घातला. त्यांचे वडील गवंडी होते, मेहकरचे. बाईंचं म्हणणं, आमच्या मेहकरचं जुनं देऊळ काय सिमेंटावर उभं हाय? मी पाट्यावर ते सगळं वाटून दिलं. बाईंनी बोटानं त्या फटीत भरलं आणि वरून सारवल्यासारखं गुळगुळीत केलं. दिसायला फार छान दिसत होतं.

सकाळी न्हाणीत मुंग्यांची रांग लागली. अंगणातल्या कडुलिंबापासून निघून ती उंबरा ओलांडून, भिंत चढून तोटीपर्यंत गेली होती. तोटीचं बूड काळं झालं होतं, इतक्या मुंग्या. पोस्टमननं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. बाई काही हरल्या नाहीत. "माल चांगला हाय म्हनून तं आल्या," असं त्या म्हणाल्या. मुंग्या बरेच दिवस ये-जा करत होत्या. त्यांनी पोखरून ठेवलं आणि पाण्यानं बाकीचं विरघळवलं. भिंतीवरची ओल सुपाची परातीएवढी झाली. बाईंनी शेवटी एवढंच मान्य केलं, की देवळाला मुंग्यांची सवय असते, बेसिनला नसते.

ते सगळं खरवडायचं काम माझ्याकडे आलं. मी केसातल्या आकड्यानं फटीतला चुना काढत होते. चुना संपला आणि त्याच्या खाली दुसरंच काहीतरी लागलं. पिवळट, कडक, पापडीसारखं. जुन्या वेळचं भरलेलं. एक तुकडा बोटात चुरला आणि सवयीनं नाकाशी नेला. जवसाच्या तेलाचा वास आला. माहेरी आम्ही जवसाचंच तेल खात होतो, तो वास मी झोपेतही ओळखला असता.

"जवसाचं तेल हाय हे," मी म्हणाले.

बाई मागं उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले. पुन्हा नाही. मग मी तो तुकडा त्यांच्या नाकाखाली धरला. बाईंनी वास घेतला आणि मटकन पाटावर बसल्या. त्यांना आठवलं. यजमानांनी बेसिन बसवलं त्या दिवशी स्वयंपाकघरातून तेलाची बरणी उचलून नेली होती. त्यावरून घरात मोठं भांडण झालं होतं. आधीच अबोला, त्यात तेलही गेलं. ते तेल कशाला नेलं ते बाईंनी तेव्हा रागात विचारलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, मेल्यानं बोलून तर दाखवायचं. आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

काचा बसवताना सुतार खिडकीला जी लांबी भरतात तीच ही, तेल आणि खडूची, हे मग लक्षात आलं. ह्यांनी गिरणीतून ताजं तेल आणलं. मी ते कढवलं. खडू पाट्यावर बारीक वाटले, वस्त्रगाळ केले आणि तेलात मळायला घेतले. आधी हाताला चिकटलं, मग सुटायला लागलं. पुरणपोळीच्या कणकेसारखं मऊ होईपर्यंत मी मळलं. गोणपाटाचे धागे बारीक कातरून त्यात घातले. मग शेवेसारखी एक लांब दोरी वळली.

आता तोटी उचलायची, तिच्या बुडाखाली ती दोरी गोल ठेवायची, तोटी पुन्हा बसवायची आणि बेसिनच्या खालून चाकी, म्हणजे नट, आवळायची. हे एकट्याचं काम नव्हतं. एकानं वर तोटी घट्ट धरायची, नाही तर ती चाकीबरोबर फिरते. दुसऱ्यानं खाली आडवं होऊन पाना फिरवायचा. मी खाली जाते म्हणाले, मी तरुण होते. बाईंनी पाना छातीशी धरला. पाना दुसऱ्याच्या हातात जाणार नव्हता. त्या वयात त्यांनी लुगड्याचा काचा मारला, न्हाणीत पोतं अंथरलं आणि बेसिनच्या खाली सरकल्या. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते.

खालून त्यांनी मला बजावलं. लांबी चारी बाजूंनी सारखी बाहेर आली की थांबा म्हण. जास्त आवळलं तर भांडं फुटते. चिनी माती हाय, जीव केवढा तिचा.

मी तोटी धरली. चाकी फिरायला लागली. लांबी बुडाखालून हळूहळू बाहेर यायला लागली, आधी माझ्या बाजूनं, मग भिंतीच्या बाजूनं, मग सगळीकडून. मी म्हणाले, "थांबा." पाना फिरतच होता. मी पुन्हा म्हणाले. बाईंना कसं ऐकू जाणार? त्या तर त्या भांड्याच्या पोटात होत्या. बेसिनमधून बारीक कुरकुर ऐकू आली, दाताखाली खडा आल्यासारखी. माझे दोन्ही हात तोटीला होते. पायानं त्यांना हलवावं तर तोल जाऊन तोटी सुटली असती. त्या क्षणी मला भिंत दिसली, आम्हाला गावी न्यायला आलेली बंडी दिसली, मुलगी दिसली, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला आधी कळलंच नाही.

"थांबा ना वो बाई!"

पाना थांबला. अंगणातल्या कोंबड्या फडफडून ओट्यावर चढल्या. शेजारच्या काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि काय झालं, कोण पडलं म्हणून विचारायला लागल्या. बेसिनखालून बाईंचा आवाज आला, "पडलं नाही कोनी. भाडेकरीन बोलली." मग त्या सरकत बाहेर आल्या. केसांना कोळिष्टकं लागली होती. बेसिनला कुठं तडा गेला का ते त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. गेला नव्हता. लांबी बुडाच्या चारी बाजूंनी एकसारखी बाहेर आली होती. मी ती ओल्या फडक्यानं पुसून घेतली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढा आवाज घेऊन तू आजलोक गप बसली?"

लांबी वाळायला वेळ लागतो. तोवर तोटीला हात लावायचा नाही. बाईंनी लिंबाची डहाळी आणून तोटीवर बांधली, बाळंतिणीच्या दारावर बांधतात तशी. पोस्टमन आला तर त्याच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं आणि त्याला ऐकवलं, "तोटी बाळंतीन हाय आमची. जरा दमानं घे." कासारणीनं तर खरंच विचारलं, मुलगा झाला का मुलगी. बाई न्हाणीच्या दारात स्टूल टाकून बसायच्या, आणि मी कामातून मोकळी झाले की मला समोर बसवून किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचायला लावायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. कुठल्या तरी जुन्या वर्तमानपत्राचा अर्धा तुकडा असायचा. बातमी मधूनच सुरू व्हायची आणि मधेच तुटायची. पुढं काय झालं असेल ते बाई स्वतःच सांगायच्या. आणि सगळं मोठ्यानं वाचायचं. मी हळू वाचलं की त्या नुसत्या पायाचा अंगठा हलवायच्या. चौथीनंतर माझ्या हातून जी अक्षरं सुटली होती ती अशी परत आली. आज मी हे लिहिते आहे ते त्या पुड्यांच्या जोरावर.

मी आमच्या बाजूनं भिंतीचा भुसभुशीत झालेला गिलावा खुरप्यानं खरवडून काढला. फाल्गुनाचं ऊन होतं, दार दिवसभर उघडं ठेवायचं. बाई रोज सकाळी येऊन भिंतीला गाल लावून बघायच्या. एक दिवस गाल लावला तो तसाच ठेवला. मग दुसरा गाल लावला. त्याच दिवशी तोटीवरची डहाळी सुटली. मुलीचा खोकला त्याआधीच कमी होत गेला होता.

भासऱ्यांना भिंत वाळल्याचा निरोप पोचला नाही, की पोचला आणि पटला नाही, मला माहीत नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांची बंडी दारात उभी राहिली. बैलांच्या गळ्यात घुंगरं होती, मुलगी हरखून बाहेर धावली. मी दाराआड गेले. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यापुढं येत नसे, बोलत तर नसेच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, त्यांनी माझा आवाज कधी ऐकलेला नव्हता.

बाईंनी त्यांना आधी हात धुवायला लावले. ते धुवून ओट्यावर बसले आणि ह्यांना म्हणाले की सामान काढायला लागा, ऊन व्हायच्या आत निघू. हे म्हणाले, भिंत वाळली. भासरे म्हणाले, आज वाळली, पावसाळ्यात पुन्हा येईल. हे म्हणाले, पोरीची शाळा आहे. भासरे म्हणाले, "चौथीलोक शाळा आपल्या गावात बी हाय ना." ते रागावून बोलत नव्हते. त्यांना आमची काळजीच होती.  म्हणूनच हे खाली चपलांकडे बघत राहिले. मग भासऱ्यांनी बाईंना विचारलं, तुम्ही वडील माणूस आहात, तुम्हीच सांगा.

बाई म्हणाल्या, "मले काऊन इचारता? घर माहं हाय, पन राहनारी ते हाय. तिले इचारा."

भासरे थोडे हसले. भावजयीला कसं विचारायचं? बाई म्हणाल्या, बरं, नका विचारू. ती सांगेल. आणि त्या खाली बघून गहू निवडायला लागल्या.  अंगणात नुसती घुंगरं वाजत होती.

मी दाराची चौकट धरली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. बाहेर आले नाही, पण दाराआडूनच बोलले, गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं.

"भित वाळली हाय. आमी येत नाही. चौथीच्या पुढं तिकडं शाळा नाही. मी चौथीच शिकली. पोरगी तिथं थांबनार नाही."

 मला फटीतून भासऱ्यांची पाठ तेवढी दिसत होती. ते ह्यांच्याकडे वळले. "काय म्हनते हे?"

हे म्हणाले, "आयकलं ना दादा तुमी. मले तं साफ आयकू आलं."

भासरे उठले. मुलीला उचलून बैलापाशी नेलं, तिला शिंगाला हात लावू दिला. मग तिला खाली ठेवून डोक्यावरून हात फिरवला आणि बंडीत बसले. बंडी रिकामीच गेली. ह्यांनी वळणापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जाऊन त्यांना पोचवलं. मी उंबऱ्यातच बसले.

बाई ओट्यावरून उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील.

"चहा ठेवतो मी," त्या म्हणाल्या. "गळा कोरडा पडला असन तुहा."